खुर्चीचे अकराशे चौदा भक्त

बंदरवाडीच्या समाजमंदिरासमोर सकाळी आठ वाजता दीडशे माणसं अनवाणी उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात हळदकुंकू लावलेला मोबाईल होता. दोघातिघांनी भक्तीच्या भरात मोबाईलला आंघोळही घातली होती. त्यांना रांगेतून बाजूला काढून तांदळाच्या डब्याकडे पाठवण्यात येत होतं. रांगेत होमस्टेवाले होते, कोकम सरबतवाले होते, केशकर्तनालयाचे मालक होते, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची शिकवणी घेणाऱ्या बाई होत्या. एक गृहस्थ तर असे होते की त्यांचं कुठलंच खातं नव्हतं. रांग दिसली म्हणून ते उभे राहिले होते.

आत पाटावर प्रसारनाथ महाराज बसले होते. एका कानात रुद्राक्ष, दुसऱ्या कानात ब्लूटूथ. डोक्यामागे रील काढायला वापरतात तो गोल दिवा लावलेला, त्यामुळे त्यांना आयतीच प्रभावळ मिळाली होती आणि ती तीन रंगांत बदलता येत होती. महाराज पूर्वी पनवेलकडे मोबाईलची कव्हरं विकायचे. मग त्यांना साक्षात्कार झाला. त्यांच्या एका फुंकरीने कुठल्याही खात्याचे फॉलोअर वाढतात, तेही एका दिवसात, तेही नेमके अकराशे अकरा.

श्रीवर्धनहून अर्ध्या तासावरच्या या गावात चाळीस होमस्टे आहेत आणि प्रत्येकाकडे सूर्यास्ताचा एकच व्हिडिओ आहे. सगळे दोनशेबारा-दोनशेपंधरा फॉलोअरवर अडकलेले. अशा गावात अकराशे अकरा हा आकडा ऐकल्यावर लोक चपला का काढतात हे समजण्यासारखं होतं.

रांगेत सत्तेचाळिसावी होती यशरा. ती 'खारेवारे' नावाच्या सुक्या मासळीच्या ब्रँडचं सोशल मीडिया सांभाळायची. सांभाळायची म्हणजे एकटीच. फोटो तीच काढायची, मजकूर तीच लिहायची, 'किंमत काय' या प्रश्नाला 'कृपया मेसेजमध्ये या' हे उत्तर तीच द्यायची. महिनाअखेरीला अहवाल बनवून स्वतःलाच पाठवायची आणि खाली स्वतःच लिहायची, 'छान काम.' तीन वर्षांत तिने 'समुद्राची चव, आता तुमच्या दारी' हे वाक्य इतक्यांदा लिहिलं होतं, की त्यातला समुद्र आटला होता आणि दारही निखळलं होतं. लाइक आले तरी तिला काही वाटत नसे, न आले तरी काही वाटत नसे. हल्ली तिचा अंगठा तेवढा कामावर यायचा. बाकीची यशरा कुठे असायची, हे तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

शेजारी उभ्या होत्या केसरताई, खारेवारेच्या मालकीण. अकरा बायकांना हाताशी घेऊन त्या बोंबील, जवळा आणि सोडे वाळवायच्या. त्यांचं दुकान म्हणजे ते खातंच. चार हजार तीनशे बारा माणसं त्यावर होती आणि सगळ्या ऑर्डरी तिथल्याच मेसेजमधून यायच्या. गिऱ्हाईकं पुण्याची, ठाण्याची, आखातातली. यात दोह्याच्या आतिफाबाजी होत्या. त्या दर पार्सलाला तक्रार करायच्या आणि पुन्हा दुप्पट मागवायच्या.

"यशरा, बाय, तोंड जरा हसरं ठेव," केसरताई म्हणाल्या. "महाराजांना वाटंल आपल्याला विश्वास न्हाय."

"नाहीच आहे," यशरा म्हणाली.

"म्हणून काय तोंडावर दाखवायचा?"

दाराशी महाराजांचा एकुलता एक शिष्य बसला होता. सदा नाव, वय पस्तिशीचं, समोर विड्याच्या पानांची चवड आणि काजळाची डबी. प्रत्येकाकडून खात्याचं नाव विचारून तो पानावर काजळाने लिहायचा, त्यावर सुपारी ठेवायचा आणि पान आतल्या खोलीत नेऊन ठेवायचा. संध्याकाळी ही पानं समुद्राला अर्पण होतात, असं सांगितलं जायचं. यशराने नाव सांगितलं, तेव्हा सदाने तीनदा विचारून, एकेक अक्षर जुळवून ते लिहून घेतलं. यशराला वाटलं, ज्या शक्तीला सगळं जग ठाऊक आहे, तिला नाव इतकं नीट लिहून का लागावं? पण विचार आला तसा गेला. हल्ली तिच्याकडे विचार फार वेळ बसत नसत.

आत गेल्यावर महाराजांनी फोन तांब्याच्या ताटात ठेवायला सांगितला.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

केसरताई गडबडल्या. "आमची हाय ती, पण मुसलमानाची पोर हाय ओ."

"माणसाचं नव्हे, माई. खात्याचं. बिझनेस की पर्सनल?"

"बिझनेस," यशरा म्हणाली.

महाराजांनी डोळे मिटले. त्यांनी सांगितलं की अल्गोरिदम हा उत्तरेकडचा एक वेताळ आहे. तो समुद्र ओलांडून येतो आणि ज्याच्या खात्याला दृष्ट लागली असेल त्याच्या रीलच्या आडवा झोपतो. त्याला उठवायला गाऱ्हाणं घालावं लागतं. मग ते कोकणात देवापुढे घालतात तशा ठेक्यात सुरू झाले, आणि मागची माणसं साथ देऊ लागली.

"हे देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या खात्याला जी काय बांधणी झाली असंल..."

"व्हय म्हाराजा."

"जो काय अल्गोरिदम आडवा आला असंल, कुणी वाकड्या नजरेनं स्क्रोल केला असंल..."

"व्हय म्हाराजा."

"त्याला बाजूला सार, आणि पाच सेकंदांत पुढं जाणाऱ्याचा अंगठा जाग्यावर थांबव."

"व्हय म्हाराजा."

महाराजांनी फोनवर फुंकर मारली. फुंकरीला वेलचीचा वास होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत फोन बघायचा नाही, एवढंच पथ्य होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खारेवारेचे फॉलोअर पाच हजार चारशे तेवीस होते. केसरताईंनी मासळीच्या अंगणात साखर वाटली. त्या अंगणात एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. तिचा चौथा पाय सहा वर्षांपूर्वी मोडला होता आणि तिथे जांभ्याचा चिरा लावलेला होता. त्या खुर्चीवर बसून बोंबील निवडणाऱ्या ठमाबाईंनी साखर घेतली आणि विचारलं, "ही अकराशे माणसा जवला घेनार काय?"

"घेतील ना," केसरताई म्हणाल्या. "आत्ताच तं आली."

यशराने नव्या माणसांची यादी बघितली. पहिलाच होता ब्राझीलचा एमर्सन, लाल मोटारसायकलवर बसलेला. त्याच्याखाली तुर्कस्तानच्या तीन बहिणी, तिघींचा फोटो एकच. मग नाव नसलेली, नावाच्या जागी नुसते आकडे असलेली माणसं. त्यांच्यातल्या कोणाला बोंबील भाजल्यावर कसा वास येतो हे माहीत असेल, असं वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आतिफाबाजींचा निरोप आला, "तुमचं हल्ली काय दिसत नाय, दुकान बंद केलंत का?" यशराला कारण समजत होतं. ॲपचं यंत्र आधी थोड्या लोकांना मासळी दाखवून बघतं. ती थोडी माणसं खोटी निघाली तर ती ढिम्म बसून राहतात. यंत्राला वाटतं मासळीच वाईट, आणि मग ते ती खऱ्या माणसांनाही दाखवेनासं होतं. तिने हे केसरताईंना सांगितलं. केसरताईंनी ते महाराजांना सांगितलं. महाराज म्हणाले, फॉलोअर कोवळे आहेत, मुरायला वेळ लागतो, आणि मुरवणीचा खरा उपाय पौर्णिमेला आहे.

तो उपाय म्हणजे पासवर्ड-दान. पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता भक्तांनी आपापल्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून महाराजांच्या पायाशी ठेवायचा, आणि मग एक्केचाळीस दिवस खातं उघडायचं नाही.

"पासवर्ड म्हणजे अहंकार," महाराजांनी समजावलं होतं. "तो सोडल्याशिवाय रीच कसा येणार?"

"आणि तो ओटीपी येतो तो?" केसरताईंनी विचारलं होतं.

"ओटीपी हा अहंकाराचा शेवटचा धागा, माई. तो आल्याबरोबर सदाला सांगायचा."

पहिल्या दानाचा मान होमस्टेवाल्या जीवनला आगाऊ मिळाला होता. आठ दिवसांपूर्वी त्याने पासवर्ड दिला, त्याला शाल मिळाली, आणि तेव्हापासून तो भर दुपारी ती शाल पांघरून फिरत होता.

केसरताईंनी यशराला शांतपणे सांगितलं, की पौर्णिमेनंतर खातं महाराजच बघतील. "तुझा तरी एवढा जीव कुठं राहिलाय त्याच्यात? बघते ना मी. मुडद्यागत बोट फिरवतेस."

हे खरं होतं. पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की त्या चार हजार तीनशे बारांतली निम्मी माणसं तिला नावानिशी माहीत आहेत. ठाण्याचे एक काका दर श्रावण संपायची वाट बघत तारीख विचारायचे. नागोठण्याची एक बाळंतीण सोड्यांचा फोटो बघून नुसतीच 'हाय' लिहायची. खातं गेलं की ही माणसंही गेली. आणि ती गेल्यावर त्या अकरा बायकांनी मासळी वाळवायची कोणासाठी? तिला दुःख झालं असं नाही. दाढेत इंजेक्शन दिल्यावर दुखतं कुठेतरी लांब, तसं काहीतरी झालं.

तिने त्या रात्री जागरण वगैरे केलं नाही. जेवली, झोपली, आणि सकाळी रिकाम्या वेळात गावातली बाकीची खाती बघितली. सरबतवाल्याच्या खात्यावर एमर्सन होता. केशकर्तनालयाच्या खात्यावर एमर्सन होता. शिकवणीच्या खात्यावरही एमर्सन होता. ब्राझीलच्या एमर्सनला बंदरवाडीत केस कापायचे होते, सरबत प्यायचं होतं आणि वर पाचवीच्या शिष्यवृत्तीला बसायचं होतं.

मग तिला सदाचं पान आठवलं. या वेळी विचार बसून राहिला.

फॉलोअर फुंकरीने येत असतील, तर ज्या फोनवर फुंकर त्या खात्यात येतील. पानाने येत असतील, तर पानावर ज्याचं नाव त्याला येतील. दोन्हीकडे वेगवेगळी नावं दिली की झालं. इतकी साधी गोष्ट होती, की दीडशे माणसांतल्या कोणाला ती सुचली नाही याचं नवल वाटावं. पण त्या दीडशेंत तीही होतीच.

तिने अंगणात जाऊन त्या लाल खुर्चीचा फोटो काढला आणि खुर्चीच्या नावाने खातं उघडलं. ओळखीत लिहिलं, 'तीन पाय, एक चिरा. बंदरवाडी.' संध्याकाळपर्यंत खुर्चीचे तीन फॉलोअर झाले: यशरा, खारेवारे, आणि कुठलाही चार पायांचा फोटो दिसला की फॉलो करणारा एक फर्निचरवाला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती मुरवणीच्या निमित्ताने पुन्हा रांगेत उभी राहिली. दाराशी तिने सदाला खुर्चीच्या खात्याचं नाव सांगितलं. सदाने मान वर केली नाही. खुर्ची असो की मासळी, त्याला नुसती अक्षरं हवी होती. आत महाराजांनी खारेवारे उघडलेल्या फोनवर गाऱ्हाणं घालून दोन फुंकरी मारल्या. आज बडीशेप होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खारेवारेचे चार फॉलोअर कमी झाले होते. खुर्चीचे अकराशे चौदा होते.

यशराला आनंद झाला नाही. तिने स्क्रीनशॉट काढला आणि तो केसरताईंना दाखवला. केसरताई पदराला पासवर्डचा कागद बांधून निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझी नोकरी जाईल म्हणून बोलतेस, व्हय ना?"

"हो, तेही आहे," यशरा म्हणाली.

केसरताईंना बहुधा नकाराची अपेक्षा होती. त्यांनी पदराची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "मंग चारचौघांत सांग. महाराज काय उत्तर देतात ते मलाबी ऐकायचंय. तवर कागद माझ्या पदरात."

अकरा वाजता समाजमंदिर भरलं होतं. पुढे शाल पांघरून जीवन. यशरा उभी राहिली आणि ज्या आवाजात महिन्याचा अहवाल वाचावा, त्याच चालीबिलीशिवायच्या आवाजात तिने सांगितलं की फोन मासळीचा होता, पान खुर्चीचं होतं, आणि माणसं खुर्चीला आली. म्हणजे फुंकरीचा काही संबंध नाही. पानावरचं नाव वाचून कोणीतरी ही माणसं विकत घेतं आणि ती नावावर पाठवून देतं.

 महाराजांनी प्रभावळीचा रंग पिवळ्यावरून पांढरा केला.

"पोरी," ते म्हणाले, "कृपा फोनवर झाली की पानावर, हा द्वैतभाव आहे. कृपेला पत्ता नसतो."

"पत्ता नसतो तर सदाभाऊ लिहून का घेतात?"

महाराजांनी डोळे मिटले. मागून सवयीने कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणालं. आणि मग, ज्यांचं कुठलंच खातं नव्हतं ते गृहस्थ उठले. गंभीरपणे म्हणाले, "माझा असा म्हणना हाय, की मंग त्या खुर्चीतच काय तरी हाय."

यशराने आयुष्यात बऱ्याच गोष्टींची तयारी केली होती, पण याची केली नव्हती. दहा मिनिटांत खुर्ची अंगणातून उचलून आणली गेली, चिऱ्यासकट. तिला झेंडूचा हार पडला. कोणीतरी तिच्यासमोर नारळ फोडला. चपला काढून रांग लागली आणि रांगेत पहिले उभे होते तेच गृहस्थ. महाराजही सावध झाले. खुर्ची हे आपलंच आसन असल्याचं त्यांना पूर्वजन्मातून आठवू लागलं.

तेवढ्यात आपली बसायची जागा कुठे गेली ते शोधत ठमाबाई आल्या. त्यांच्या हाताला बोंबलाचा वास होता, त्यामुळे रांगेने त्यांना आपोआप वाट दिली. त्यांनी हार काढून खुर्चीच्या दांडीला अडकवला आणि बसल्या.

"सहा वर्सा बसते हिच्यावर," त्या म्हणाल्या. "हिच्यात देव असता तं माझा मणका धरला असता काय?"

 मग यशरा म्हणाली, "एक वस्तू सांगा. कुठलीही. मी नाही निवडत, तुम्ही निवडा."

शिकवणीच्या बाईंनी खिडकीबाहेर बघून सांगितलं, "समोरचा विजेचा खांब."

यशराने सगळ्यांसमोर खांबाचा फोटो काढला, खांबाचं खातं उघडलं आणि फोन लोकांच्या हातात दिला. फॉलोअर शून्य. मग तिने दुसऱ्या फोनवर एक वेबसाइट काढली. तिथे माणसं किलोवर मिळावीत तशी मांडलेली होती. हजार फॉलोअर, एका कोकम सरबताच्या भावात. लाइक त्याहून स्वस्त. 'भारतीय वाटतील अशी' हवी असतील तर थोडे जास्त पैसे. तिने खांबाचं नाव टाकलं, पैसे भरले आणि फोन खुर्चीच्या हातावर ठेवला. फुंकर मारली नाही. कोणी म्हणू नये म्हणून तोंडावर ओढणीही धरली.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. महाराज मंद हसत होते. मग केशकर्तनालयाचे मालक वाचू लागले: चाळीस, एकशे दहा, तीनशे साठ. खांबाने आयुष्यात एकही रील केलं नव्हतं. लोक आळीपाळीने खांबाकडे आणि फोनकडे बघत होते.

"हा लाल मोटारसायकलवाला," शिकवणीच्या बाई एकदम म्हणाल्या, "हा माझ्याकडे पण आहे. मला वाटलं कोणाचा पालक आहे."

"माझ्याकडं पन हाय तो," सरबतवाला म्हणाला.

"ह्याच्यासाठी मी दोन रविवार दुकान लवकर उघडला," केशकर्तनालयाचे मालक हळू आवाजात म्हणाले.

पुढचं यशराला करावंच लागलं नाही. प्रत्येकाने आपापला फोन काढला आणि पथ्य वगैरे विसरून आपापला एमर्सन शोधला. आता माणसं महाराजांकडे बघत नव्हती, एकमेकांच्या फोनमध्ये डोकावत होती. त्यांचे सगळे भक्त एकच होते.

जीवनने मात्र शालीतून फोन काढला नव्हता. एक्केचाळीस दिवस व्हायचे होते. केसरताई त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "उघड, भावा."

त्याने उघडायला बघितलं. पासवर्ड चुकीचा होता. नव्या पासवर्डसाठी येणारा ओटीपी त्याच्या नंबरवर येत नव्हता. यशराने आपल्या फोनवर त्याचं खातं शोधून दाखवलं. होमस्टेचं नाव गेलं होतं. त्या जागी क्रिकेटच्या सट्ट्याच्या टिपा देणारं कोणीतरी बसलं होतं. खूप खाली गेल्यावर जीवनच्या सूर्यास्ताचा व्हिडिओ आणि पाहुण्यांच्या पलंगावर बायकोने हाताने विणलेली चादर तशीच दिसत होती. जीवनने शाल काढली, व्यवस्थित घडी केली आणि पाटाशेजारी ठेवली. 

इकडे ठमाबाई पाणी प्यायला म्हणून आतल्या खोलीत गेल्या होत्या. त्या टोपली घेऊन बाहेर आल्या. टोपलीत सगळ्या गावाची विड्याची पानं होती, वाळून कडकडीत झालेली, काजळातली नावं शाबूत. एकही समुद्रापर्यंत गेलं नव्हतं. सुपाऱ्या मात्र नव्हत्या. श्रीवर्धनची सुपारी, ती कोण सोडतो.

"आत कांपुटर हाय," त्या म्हणाल्या, "आनि त्यावर ह्या पोरीनं आत्ता दाखवला तोच बाजार मांडलेला हाय."

महाराज लघुशंकेला म्हणून उठले आणि अंतर्धान पावले. मागच्या दाराने, स्कूटरवरून, कानात ब्लूटूथ तसाच. दिव्याची प्रभावळ मागे राहिली. ती बराच वेळ रिकाम्या पाटामागे रंग बदलत होती.

सदाला मात्र पळता आलं नाही, कारण त्याच्या चपला दीडशे चपलांत सापडेनात. त्याला बसवून विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं, आणि जरा जास्तच सविस्तर सांगितलं. पान आत नेल्यावर नाव कसं टाकायचं, अकराशे अकराची ऑर्डर कशी लावायची, गळती किती धरायची, दानात आलेलं खातं नाव बदलून पुढे कोणाला विकायचं. "गाऱ्हाणं तेवढं त्यांचं," तो म्हणाला. "बाकी सगळं मी एकटाच बघतो. पान लिहायचं मी, ऑर्डर मी, हिशेबही मीच. कोणी कधी विचारलं पण नाही, जमतंय का म्हणून."

यशराने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या उजव्या अंगठ्यावर काजळाचा डाग होता. तिला त्याची कीव आली नाही, पण तिने आपला अंगठा ओढणीखाली घेतला.

दुपारी शिकवणीच्या बाई आणि केशकर्तनालयाचे मालक जीवनबरोबर सदाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तक्रारीचा मजकूर यशराने लिहून दिला. केसरताईंनी पदराची गाठ सोडली, पासवर्डचा कागद बाहेर काढला आणि यशराच्या हातात दिला. रोजचाच तो पासवर्ड कागदावर बघून यशराच्या लक्षात आलं, की महाराजांना दान मागायची गरजच नव्हती. केसरताईंचं नाव आणि एक-दोन-तीन, एवढं कोणालाही सुचलं असतं.

"बदल तो," केसरताई म्हणाल्या. "आनि उद्या येळेवर ये. मी बोलले ते बोलले, त्याचा काय लोणचा घालू नको."

संध्याकाळी यशराने खारेवारेवर एक पोस्ट टाकली. समुद्राची चव नाही, दारी नाही, गाणं नाही. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं:

'आमचे अकराशे फॉलोअर खोटे होते. ते मंत्राने आले नव्हते, विकत आले होते. आता आम्ही ते काढत आहोत. असे फॉलोअर विजेच्या खांबालाही मिळतात, आम्ही दुपारी मिळवून बघितले. तुमच्याकडे कोणी आकडा वाढवून देतो म्हणून आला, तर त्याला दोन गोष्टी विचारा. कसा वाढवणार, ते आमच्यासमोर करून दाखव. आणि वाढलेल्यांपैकी एका माणसाशी आमचं बोलणं करून दे. जो दाखवत नाही आणि ज्याची माणसं बोलत नाहीत, त्याच्यापुढे चपला काढू नका. पासवर्ड आणि ओटीपी देवालाही देऊ नका. देवाला लागत नाहीत.'

मग ती एकेक खोटा माणूस काढत बसली. अकराशे अकरांतले चार आपणहून गेले होते, म्हणजे अकराशे सात. तीन दिवस लागले. तुर्कस्तानच्या बहिणी गेल्या, आकड्यांची माणसं गेली. शेवटी एमर्सन राहिला. त्याच्या फोटोकडे तिने थोडा वेळ बघितलं. कोणाचा तरी खरा फोटो असेल तो. त्या खऱ्या माणसाला आपण बंदरवाडीत एवढे लोकप्रिय आहोत, हे कधी कळणारही नव्हतं. तिने त्याला काढलं. आकडा चार हजार तीनशे बारावर आला.

आकडा बघून तिला काही वाटलं नाही. तेवढं लवकर बरं होणाऱ्यातलं ते नव्हतं.

ती फोन ठेवणार, तेवढ्यात आतिफाबाजींचा आवाजी निरोप आला. मागे दोह्याचा एसी घरघरत होता.

"अगो यशरा, सलाम. पोस्ट वाचली तुझी, चांगली लिवलीस. पन ह्या वेळच्या जवल्यात रेती हाय गो. दाताखाली करकर लागते. केसरला सांग, वाळवताना खाली जाळी नीट हातरायला. आनि दोन किलो अजून पाठव, साफ करून."

यशराने तो निरोप पुन्हा ऐकला. अकराशे माणसांतल्या एकालाही रेती लागली नव्हती. ती उठून अंगणात गेली, मासळी वाळवायच्या बांबूंखाली वाकली आणि जाळीला हात लावून बघितला. एका कोपऱ्यात ती खरंच फाटली होती.